बहिणीला डिझाइनला घालायचंय, पुण्याचं खाजगी कॉलेज आत्ताच घ्यावं का कॅप राउंडची वाट बघावी?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला पण नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितोय. माझी धाकटी बहीण यंदा बारावी कॉमर्स पास झाली, ७४ टक्के. लहानपणापासून चित्र काढती, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, शाळेतले सर तेव्हाच म्हणालेले हिला आर्टला घाला. आता ती म्हणतीय बी.कॉम. नाही करायचं, डिझाइनच करणार. मला पण पटतंय तिचं, मन नसताना तीन वर्षं घालवून पुढं काय करणार पोरगी.

तर आत्ता तीन गोष्टी समोर हायत. एक, तिनं महाराष्ट्र सीईटीची अप्लाइड आर्टची परीक्षा दिलीय, पेपर बरा गेलाय म्हणती, पण कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या, अजून सुरू नाहीत. दोन, पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाच्या डिझाइन कॉलेजनं त्यांची स्वतःची परीक्षा आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू घेऊन सीट दिलीय, बी.डेस., म्हणजे डिझाइनची डिग्री, चार वर्षं, फी वर्षाला पावणेचार लाख, हॉस्टेल मेस वेगळं. तिथला कौन्सिलर रोज फोन करतोय, रविवारपर्यंत ५० हजार भरून सीट ब्लॉक करा नाहीतर वेटिंगवाल्याला जाईल म्हणून. तीन, आपल्या सोलापुरातच एक इन्स्टिट्यूट हाय, तीन वर्षांची डिझाइनची डिग्री देतो म्हणतात, फी लई कमी, घरी राहून होईल, पण डिग्री दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची.

पप्पा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर हायत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवतात, आई घरी युनिफॉर्म शिवती, मी अकाउंटला हाय. लोन काढायची तयारी हाय माझी, पण एवढे पैसे घालून शेवटी हातात काय येतंय ते कळंना झालंय. घरात रोज यावरनं वाद. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांची मुलं शिकालेत त्यांनी सांगा. पप्पांना काय सांगू?

सात_रस्ता

सोलापुरातल्या तिसऱ्या ऑप्शनचं आधी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच. परराज्यातल्या खाजगी विद्यापीठाला महाराष्ट्रात येऊन कुठल्या इन्स्टिट्यूटला स्वतःचं सेंटर म्हणून चालवायला देता येत नाही, विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीचा तसा स्पष्ट नियम आहे, खाजगी विद्यापीठाला दुसरं कॉलेज संलग्न करून घेता येत नाही. म्हणजे चार भिंती सोलापूरच्या आणि मार्कलिस्ट तिकडची असा प्रकार असेल तर ती डिग्री उद्या सरकारी नोकरीला किंवा पुढं मास्टर्सला घेऊन गेलात की अडकायची शक्यता आहे. त्यांच्याकडं लेखी मागा, विद्यापीठ कुठलं, ते यूजीसीच्या यादीत आहे का, आणि सोलापूरच्या पत्त्याला परवानगी कुणाची. लेखी द्यायला का कू केली तर विषय संपला. नुसतं सॉफ्टवेअर शिकायला क्लास म्हणून जायचं असेल तर जाऊ दे, त्यात वाईट काही नाही, पण त्याला डिग्री समजून पैसे भरू नका.

ताणाबाणा

दादा, मी अशोक चौकातली. आमच्या घरी माग होते, आता बंद आहेत. मी पुण्यातल्या एका खाजगी डिझाइन कॉलेजातून टेक्स्टाइल केलंय आणि आता होम फर्निशिंगच्या कंपनीत डिझायनर आहे, त्यामुळं तुमच्या बहिणीच्या जागी मी होते असंच समजा. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चांगलं वाईट दोन्ही सांगायचंय.

पहिलं वर्ष फाउंडेशन असतं, तिथं फॅशनवाला असो प्रॉडक्टवाला असो सगळ्यांना सारखंच. रेघा, पर्स्पेक्टिव्ह, रंगचक्र, अक्षरं, माती, वायर, कागदाचं थ्रीडी. बाहेरच्याला वाटतं हे काय पोरखेळ चाललाय पावणेचार लाखात, पण डोळा खरा तिथंच तयार होतो. एकच राखाडी रंग दहा छटांमध्ये हातानं मिसळून ओळीनं लावायचा, दोन छटांमधलं अंतर सारखं दिसलं पाहिजे. ते जमेपर्यंत सर पुढं जाऊ देत नव्हते आणि मी रात्री दोन दोन वाजता पोस्टर कलर कालवत बसलेली असायची. आज कंपनीत सोफ्याच्या कापडाचे शेड कार्ड करताना माझी नजर चुकत नाही ती त्या सरावामुळं.

कौन्सिलरला एक गोष्ट नक्की विचारा, फाउंडेशननंतर ब्रँच कशी देता. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर वाटप होतं, कम्युनिकेशन आणि यूएक्सला (अॅप, वेबसाइट वापरायला सोप्या करणं) सगळ्यांची उडी असते, मग ज्याला ते पाहिजे होतं त्याला दुसरंच मिळतं. हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

मला कॉलेजनं काय दिलं तर सोबतची मुलं, कामात असलेले व्हिजिटिंग टीचर, आणि इंटर्नशिपचं दार. क्रिटमध्ये भिंतीवर सगळ्यांची कामं लावून एकेकावर बोलतात, त्यात जे शिकायला मिळतं ते घरी यूट्यूब बघून मिळत नाही, हे मी छातीठोक सांगते. सॉफ्टवेअर मात्र कॉलेजात फार वरवर शिकवलं, ते आपलं आपणच करावं लागतं. ब्लेंडर, कृता, इंकस्केप फुकट आहेत, आत्तापासून हात घालू दे तिला.

भाषेचं पण बोलते कारण आपल्याकडच्या मुली यावरच जास्त घाबरतात. मी मराठी मीडियमची. पहिल्या ज्युरीला, म्हणजे काम दाखवायच्या परीक्षेला, समोर तीन जण बसलेले, सगळं इंग्लिशमध्ये, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. त्यातल्या बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या हिंदीत बोल, मराठीत बोल, काम समजावून सांग. मी घरून आणलेला चादरीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि उलट बाजू करून दाखवली, सुलट्या बाजूला जी नक्षी लाल दिसते तीच उलट्या बाजूला पांढरी का दिसते ते ताणा बाणा, म्हणजे उभे आडवे धागे, दाखवून सांगितलं. त्या तिघांपैकी दोघांना ते माहीतच नव्हतं. त्यानंतर माझी भीती गेली. इंग्लिश वर्षभरात येतं, तुमच्या बहिणीला म्हणावं त्याचं टेन्शन घेऊ नको.

आणि काही झालं तरी कॅम्पस बघितल्याशिवाय पैसे भरू नका. रिसेप्शन आणि कॅन्टीन नका बघू, वर्कशॉप बघा. मी अॅडमिशनच्या वेळी एका कॉलेजला गेलेले, टेक्स्टाइल स्टुडिओत हातमाग छान पॉलिश करून ठेवलेला, पण ताणाच भरलेला नव्हता, फणीत एक धागा नाही, पावड्यांवर धूळ. मागाच्या घरातली पोरं आपण, आपल्याला लगेच कळतं. विचारलं तर म्हणाले डेमोसाठी आहे. मी तिथं घेतली नाही अॅडमिशन. तसंच बघा, लाकूडकामाच्या खोलीत भुसा पडलाय का, सिरॅमिकची भट्टी शेवटची कधी लागली, संध्याकाळी सहानंतर स्टुडिओ उघडा असतो का. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, कौन्सिलरनं दाखवलेल्या नाही, बाहेर चहाच्या टपरीवर असतील त्यांना.

चित्रकला_मास्तर

वरच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. मी जिल्ह्यातल्या शाळेत कलाशिक्षक आहे, दरवर्षी पालक हाच प्रश्न घेऊन येतात.

बी.एफ.ए., म्हणजे फाइन आर्टची डिग्री, आणि बी.डेस. हे दोन वेगळे रस्ते आहेत हे आधी घरात सगळ्यांना सांगा. बी.एफ.ए. अप्लाइड आर्टला हाताचं काम जास्त, ड्रॉइंग, इलस्ट्रेशन, टायपोग्राफी, जाहिरातीचं कॅम्पेन. बी.डेस. ला माणसाची गरज शोधणं, त्यावर वस्तू किंवा अॅप किंवा कापड तयार करणं, संशोधन आणि प्रेझेंटेशन जास्त. मुलीनं सीईटी दिलीय, त्यातल्या वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्रात हात चालतो म्हणजे बी.एफ.ए. ला ती बसू शकते. कॅपमधून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनवसारखं जुनं कॉलेज आहे, आणि बरीच खाजगी विनाअनुदानित कॉलेजंही कॅपमध्येच येतात. म्हणजे खाजगी कॉलेजातच शिकायचं असलं तरी कॅपमधून जाता येतं, हे पालकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं खाजगी म्हणजे डायरेक्ट पैसे भरूनच.

कॉमर्सचं घाबरू नका. आयआयटी मुंबई घेते ती बी.डेस. ची यूसीड प्रवेश परीक्षा पण कुठल्याही शाखेच्या बारावीवाल्याला देता येते, फक्त जास्तीत जास्त दोनदा आणि तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, वेगळी असते, आधी प्रिलिम्स मग मेन्स. यंदा मनासारखं नाही मिळालं आणि मुलीची तयारी असेल तर एक वर्ष थांबून या दोन्ही द्यायला काहीच हरकत नाही, पण ते वर्ष घरात बसून नको. तलावाच्या कट्ट्यावर बसून भुईकोट किल्ल्याचे बुरूज काढू दे, लक्ष्मी मंडईत भाजीवाल्या काढू दे, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या दर्शनी भागावर एवढं काम आहे की त्याच्यावरच एक वही भरेल. एसटी स्टँडवर माणसं हलतात त्यामुळं हात झपाट्यानं चालायला शिकतो. मुलाखतीला मुलं घासूनपुसून केलेली चार चित्रं घेऊन जातात, परीक्षकाला खरी उत्सुकता कच्च्या वहीची असते, कारण विचार तिथं दिसतो.

आपल्या जिल्ह्यात चित्रकलेला काय भविष्य म्हणणाऱ्यांना मी पंढरपूरचं नाव सांगतो. एम. एफ. हुसेन १९१५ साली तिथं जन्मले, पुढं मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत उभे राहिले.

पार्क_चौक

मी पालक म्हणून पैशाचं लिहितो, माझी मुलगी कॅपमधून पुण्यात बी.एफ.ए. ला आहे.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक, शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. पण अट अशी की प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. तुम्ही म्हणताय ते पुण्याजवळचं कॉलेज खाजगी विद्यापीठाचं, म्हणजे तिथं हे लागू नाही. तीच मुलगी कॅपमधून विनाअनुदानित खाजगी कॉलेजला गेली तर मात्र मिळतं. बाकीच्या मागास प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत, सगळ्याचे फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच भरायचे. कॅटेगरी काहीही असो, पावणेचार लाख गुणिले चार अधिक हॉस्टेल आणि समोर फी माफी, हा हिशोब घरात कागदावर मांडून ठेवा, पप्पांशी वाद निम्मा होईल.

आता ५० हजाराचं. रविवारपर्यंत, सोमवारपर्यंत हे सगळीकडंच सांगतात. यूजीसीचं २०१८ चं नोटिफिकेशन आहे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सीट सोडली तर प्रोसेसिंगचे म्हणून फीच्या ५ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार कापून बाकी सगळी फी परत द्यायची असते. १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढं काही नाही. म्हणून भरायच्या आधी ती शेवटची तारीख ईमेलवर मागून घ्या आणि सीट ब्लॉकची रक्कम फीमध्ये धरतात का वेगळी, हेही लिहून घ्या. त्याच नियमानं ओरिजनल मार्कलिस्ट आणि टीसी कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, तपासून परत द्यायची. आमच्या ओळखीच्या एका घरी कागदं अडकवली होती, नियमाची प्रत दाखवल्यावर मिळाली.

लोन काढायचंच झालं तर साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही. पण चार वर्षांचे पंधरा लाख वर जातात, तिथं घराचे कागद मागणार. जॉबरच्या पगारावर ते ओझं घेताना दहा वेळा विचार करा, दादा, तुमचं लग्न, घर सगळं पुढं आहे.

स्टुडिओ_नाइट

मी सध्या थर्ड इयर, खाजगीमध्येच, कम्युनिकेशन. फी सोडून जो खर्च होतो तो कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. लॅपटॉप ग्राफिक कार्डवाला लागतो पण पहिल्या वर्षी नाही लागत, सेकंड इयरला घ्या, कौन्सिलर आत्ताच घ्या म्हणेल. मटेरियल मात्र पहिल्या वर्षी जास्त, इम्पिरियल शीट, माउंट बोर्ड, सनबोर्ड, ब्लेड तर मोजायचीच नाहीत. सीनियर लोक वर्षाच्या शेवटी उरलेलं विकतात, ड्राफ्टर, कटिंग मॅट, ब्रश अर्ध्या किमतीत मिळतात, ग्रुप जॉइन करायचा. प्रिंटिंगला सबमिशनच्या आठवड्यात लई पैसे जातात. आणि प्रवास म्हणाल तर हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवारी घरी येता येतं, तेवढं पुणे बरं पडतं आपल्याला, माझे बेंगळुरूला गेलेले मित्र सहा सहा महिने येत नाहीत.

प्लेसमेंटचं विचारताना 'शंभर टक्के' वगैरे ऐकू नका, मागच्या बॅचच्या सगळ्या मुलांची यादी मागा, कोण कुठं कामाला आहे. टॉपच्या चारांची नाही, सगळ्यांची.

जेकार्डवाला

मी चादरीचं डिझाइन काढतो, वडील पण तेच करायचे. तुमची बहीण चित्र काढती म्हणताय आणि पप्पा जॉबर हायत म्हणताय तर एक सांगू का, तिला आधी पप्पांबरोबर एक दिवस कारखान्यात जाऊ द्या.

आमच्या कामात चित्र पहिलं ग्राफवर घ्यावं लागतंय. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. चौकोन भरला की उभा धागा वर, मोकळा सोडला की खाली. मोराची मान गोल काढायची असली तरी ती पायऱ्यापायऱ्यांनीच येणार, किती पायरीला डोळ्याला गोल वाटंल ते हातालाच ठावं. मग त्याचे पत्ते पाडायचे, भोक असलं की हुक उभा धागा उचलणार, नसलं की नाही, आणि पत्ते ओळीनं शिवून जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायचे. आता कॉम्प्युटरवर होतंय, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेत, पण रिपीट जुळवायचं डोकं तेच लागतंय, डावी कड उजव्या कडेला लागली पाहिजे, खालची वरच्याला. एक चौकोन चुकला तर पूर्ण चादरीवर रेघ पडत जाती.

पुण्यामुंबईची डिझाइनवाली मुलं येतात आमच्याकडं, लई सुंदर काढून आणतात, पण आमच्या जेकार्डला किती हुक हायत ते विचारत नाहीत, मग ते विणता येत नाही. ज्याला चित्र पण येतंय आणि माग पण कळतोय असा माणूस आम्हाला पाहिजे. सोलापूरच्या चादरीला जीआय, म्हणजे इथलाच माल म्हणून सरकारी नोंद, मिळालंय पण डिझाइन तीच तीच फिरालेत. पोरीनं टेक्स्टाइल घेतलं तर इथं काम हाय, मी खात्रीनं सांगतो.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल रात्री सगळी उत्तरं पप्पांना वाचून दाखवली. जेकार्डवाल्या काकांचं ऐकून पप्पा पहिल्यांदा काहीतरी बोलले, म्हणाले हे बरोबर लिहिलंय यांनी.

कौन्सिलरला फोन करून तीन गोष्टी विचारल्या. ब्रँच फाउंडेशनच्या ग्रेडवर मिळती हे कबूल केलं. शेवटच्या तारखेचं ईमेलवर द्या म्हटल्यावर बघून सांगतो म्हणाले, अजून मेल नाही. मागच्या बॅचची पूर्ण यादी देता येत नाही म्हणाले. त्यामुळं रविवारी पैसे भरायचे नाहीत असं ठरलं. कॅपची वाट बघणार, टेक्स्टाइलचं तिच्या डोक्यात बसलंय त्यामुळं सोबत यूसीड आणि एनआयडीची पण तयारी करणार. सोलापूरच्या इन्स्टिट्यूटवाल्यांनी लेखी द्यायचं टाळलं, तो विषय बंद.

ताई, बहीण विचारतीय की तिनं टेक्स्टाइलच्या हिशोबानं वही कशी ठेवावी? आणि काका, आम्ही कधी येऊ बघायला? पार्क चौक काका, दाखले कुठले काढून ठेवू?

ताणाबाणा

वही वेगळी काही नाही. घरातल्या कपड्यांचे चिंध्यांचे तुकडे चिकटवायचे, शेजारी ते कापड जवळून कसं दिसतं ते पेन्सिलनं मोठं करून काढायचं, धागा कुठून वर येतो कुठून खाली जातो. आईकडं युनिफॉर्मच्या कापडाचे कतरण असतीलच, तिरप्या विणीचं ट्विल आणि साध्या विणीचं प्लेन यांतला फरक तिथंच कळेल. रंगाचं पान वेगळं ठेव म्हणावं, रोज एक गोष्ट बघायची, पिकलेलं कवठ, मंदिराची भिंत, काहीही, आणि तिचे चार पाच रंग मिसळून लावायचे. नाव घालून तारीख टाकायची. बहिणीला मला मेसेज करायला सांगा इथंच, काम बघून सांगत जाईन.

जेकार्डवाला

पप्पांची सुट्टी असंल त्या दिवशी या, सकाळी लवकर. माग सुरू झाले की आत बोललेलं ऐकू येत नाही. फोटो काढायचं मालकाला विचारून ठेवतो. ओढणी नको, केस बांधून या, पट्टे फिरत असतात.

पार्क_चौक

डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, एससी, एसटी सोडून दुसरा जातीचा दाखला असेल तर नॉन क्रिमिलेअर, नसेल आणि बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा. आपले सरकारवर अर्ज करा नाहीतर उत्तर सोलापूर तहसीलला सेतूत. राउंड सुरू झाल्यावर तिथं उभं राहायला जागा नसते, या आठवड्यातच टाका. नॉन क्रिमिलेअरची मुदत बघून घ्या, ३१ मार्चला संपलेला असेल तर नवीन लागतो. आणि आधारवरचं नाव, दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच तपासा, महाडीबीटी तिथंच अडवतं.